खांबावरचा माणूस आणि सर्वांत कमी दराची निविदा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आजचा विषय वरवर पाहता किरकोळ वाटण्याचा संभव आहे. रस्त्यावरील दिव्यांची दुरुस्ती, इमारतीच्या गच्चीवर प्रखर दिवे बसविणे, चौकातील उंच दीपस्तंभाची तपासणी, उत्सवाच्या रोषणाईसाठी खांबावरून तार ओढणे, ही कामे कोणाकडून आणि कोणत्या साधनांनी करवून घ्यावीत, एवढाच हा प्रश्न आहे. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने त्यात का पडावे, असे कोणी विचारील. परंतु श्रमाची किंमत बाजारात कशी ठरते आणि ती ठरताना कोणता खर्च हिशेबातून गुपचूप वगळला जातो, हे समजावून देणारे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही. शिवाय आपल्यापैकी कित्येक जण नगरसेवक आहेत, ग्रामपंचायतींचे सदस्य आहेत, गृहनिर्माण संस्थांचे चिटणीस आहेत, उत्सवमंडळांचे कार्यवाह आहेत. म्हणजे ही कामे देणारे हात आपलेच आहेत.

प्रथम कायदा पाहू. १९५६ सालच्या भारतीय विद्युत नियमांतील ४५ व्या नियमाने विजेच्या मांडणीचे काम कोणी करावे हे ठरवून दिले होते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० साली आणि पुन्हा २०२३ साली केलेल्या सुरक्षाविषयक विनियमांतही ते तत्त्व कायम राहिले आहे. काम घेणारा ठेकेदार शासनाचा परवानाधारक असला पाहिजे. काम सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली झाले पाहिजे. आणि ते हाताने करणाऱ्या वायरमनजवळही स्वतःचे अनुज्ञापत्र असले पाहिजे. ही साखळी तीन कड्यांची आहे, एका कागदाची नाही. व्यवहारात मात्र पहिली कडी तेवढी दाखविली जाते. परवान्याची प्रत निविदेला जोडलेली असते. परवानाधारक गृहस्थ कामावर फिरकतही नाहीत. आणि वर चढतो तो रोजंदारीवर आणलेला, कोणतेही अनुज्ञापत्र नसलेला एखादा तरुण. परवाना भाड्याने मिळतो, ही गोष्ट या धंद्यात कोणालाही नवी नाही.

याच नियमात एक सवलत आहे. दिवा, पंखा, फ्यूज, बटन यांसारखी वस्तू बदलावयाची असेल आणि त्यामुळे मांडणीच्या क्षमतेत वा स्वरूपात काही फरक पडत नसेल, तर परवान्याची गरज नाही. घरातील दिवा गृहिणीने बदलावा यासाठी ही सवलत योग्यच आहे. पण तिचा आधार घेऊन ‘दिवाच तर बदलायचा आहे’ असे म्हणत आपण माणसाला तीस फूट उंचीच्या खांबावर, उघड्या तारांच्या शेजारी पाठवितो. दिवा तोच असेल. जागा ती नाही, हे आपण विसरतो.

उंचीवरचे विजेचे काम दोन कारणांनी वेगळे आहे. जमिनीवर ज्या धक्क्याने माणूस केवळ मागे फेकला जाईल, तोच धक्का खांबावर त्याला खाली पाडतो, आणि विजेने वाचलेला माणूस पडण्याने मरतो. दुसरे कारण साधनांचे. लोखंडी वा ॲल्युमिनियमची शिडी स्वतःच विजेची वाट बनते. हायड्रॉलिक शिडीची, बकेट असलेली गाडी आणली म्हणजे प्रश्न संपला असेही नाही. या गाड्यांत मोठा भेद आहे. तारांजवळच्या कामासाठी बनविलेल्या गाडीच्या भुजेत व बकेटात विद्युतरोधक भाग असतो आणि तो टिकून आहे की नाही हे मुदतीने तपासावे लागते. रंगकामासाठी भाड्याने मिळणारी पोलादी गाडी दिसायला तशीच असते. पण तारेला टेकली तर तिच्यातून वीज थेट जमिनीत उतरते. जेसीबीच्या बकेटात माणूस उभा करून खांबावरचे दिवे बदलण्याची पद्धत तर सरसकट बंद झाली पाहिजे. ते यंत्र माणूस उचलण्यासाठी बनविलेलेच नाही. आणि विद्युतरोधक बकेटही माणसाला जमिनीपासूनच काय ते तोडते. एका हातात एक तार आणि खांद्याला दुसरी तार लागली, तर उत्तम गाडीही त्याला वाचवीत नाही.

म्हणून खरी सुरक्षितता वाहिनी बंद करण्यात आहे. वीज बंद केल्याचे परमिट लेखी हवे. स्विचला कुलूप आणि पाटी हवी. वाहिनी मृत असल्याची चाचणी हवी आणि कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना तारा जमिनीशी जोडलेल्या हव्यात. दोन्ही बाजूंना कशासाठी? कारण वीज गेली की कोणाच्या तरी दुकानातील जनित्र सुरू होते आणि चुकीच्या जोडणीमुळे बंद वाहिनीत उलट्या बाजूने वीज शिरते. ‘मी फोनवर सांगितले आहे’ हे परमिट नव्हे. गाडीच्या तळाशीही भुजा खाली आणण्याची कळ असते. वरचा माणूस बेशुद्ध झाला तर ती चालविता येणारा माणूस खाली हजर असला पाहिजे. चालक त्या वेळी चहाला गेलेला असेल, तर त्या कळीचा उपयोग नाही.

आता अर्थशास्त्राकडे वळू. ॲडम स्मिथने १७७६ साली मांडले की जे काम कष्टाचे, घाणेरडे वा नकोसे, त्याला मोकळ्या बाजारात अधिक वेतन द्यावे लागेल. पाठ्यपुस्तके हा सिद्धांत आजही शिकवितात. मग खांबावर चढणाऱ्या कंत्राटी माणसाला कचेरीत बसणाऱ्यापेक्षा कमी वेतन का मिळते? कारण त्या सिद्धांताला असा कामगार अभिप्रेत आहे, जो धोका ओळखून नकार देऊ शकतो. ज्याच्या मागे बेकारांची रांग उभी आहे, त्याचा नकार म्हणजे उपासमार. तेथे धोक्याची किंमत वेतनात चढत नाही. ती त्याच्या शरीरातून वसूल होते. १९५० साली कार्ल विल्यम काप या अर्थशास्त्रज्ञाने खाजगी उद्योगाच्या सामाजिक खर्चावर ग्रंथ लिहिला. उत्पादनाचा जो खर्च उद्योजक आपल्या वहीत लिहीत नाही, तो दुसरा कोणी तरी भरतो, हे त्याचे सूत्र होते. सर्वांत कमी दराची निविदा हे त्या सूत्राचे आपल्या दारातले रूप होय. तीन ठेकेदारांना तारेचा, दिव्याचा, खांबाचा भाव जवळपास सारखाच पडतो. मग एकाचा दर एवढा खाली कसा येतो? त्याने पर्यवेक्षक वगळलेला असतो, गाडीऐवजी शिडी धरलेली असते, विमा उतरविलेला नसतो. आपण ज्याला बचत म्हणून सभेत टाळ्या घेतो, ती एका कामगाराच्या कुटुंबाने आपल्याला दिलेली वर्गणी असते.

ठेका पद्धतीने ही वर्गणी कायमची केली आहे. १९७० सालच्या कंत्राटी कामगार कायद्याच्या नावात ‘निर्मूलन’ हा शब्द होता. बंदीची अधिसूचना निघाली तरी कामगार आपोआप मूळ मालकाच्या नोकरीत येत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली दिला. आता तो कायदा २०२० सालच्या व्यावसायिक सुरक्षाविषयक संहितेत सामावला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. गाभ्याच्या कामात कंत्राटी कामगारांना तिने मनाई केली. पण जे काम सामान्यतः ठेकेदारांकडूनच होते, त्याला अपवादही केला. म्हणजे ज्याने दीर्घकाळ चुकीचे केले, त्यालाच सवलत! वीजवाहिनी सांभाळणे हे वीजपुरवठा करणाऱ्या कंपनीच्या गाभ्याचे काम नव्हे, असे कोण म्हणेल?

याउलट, २००२ साली एका सायकलस्वाराचा रस्त्यात पडलेल्या जिवंत तारेने मृत्यू झाल्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशच्या वीज मंडळाला जबाबदार धरले. जो धोकादायक व्यवहार चालवितो त्याने निष्काळजीपणा सिद्ध होण्याची वाट न पाहता नुकसान भरून द्यावे, हे ते तत्त्व. रस्त्याने जाणाऱ्याला जे संरक्षण मिळाले, ते त्याच तारेवर आपल्या सांगण्यावरून काम करणाऱ्याला नैतिक दृष्ट्या नाकारता येईल काय?

दोन आक्षेप मी गंभीरपणे घेतो. पहिला असा की लहान ग्रामपंचायतीला बकेटची गाडी परवडत नाही. एका दिव्यासाठी ती परवडणार नाही, हे खरे. पण दहा गावांनी आपली दुरुस्तीची कामे एकत्र करून महिन्याचा एक दिवस ठरविला, किंवा पंचायत समितीने अशी गाडी ठेवली, तर ती परवडते. आपण पाण्यासाठी, धान्यासाठी, साखरेसाठी सहकार केला. सुरक्षिततेसाठी का करू नये?

दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा आहे. परवान्याचा आग्रह धरला तर हाताने शिकलेल्या गरीब पोरांची रोजी जाईल. ही भीती खोटी नाही. परवाना ही भिंत होऊ नये, तो जिना व्हावा. अशा तरुणांना परीक्षेला बसविणे, तोवर पर्यवेक्षकाच्या हाताखाली जमिनीवरचे काम देणे, आणि अनुज्ञापत्र मिळालेल्या वायरमनांची सहकारी संस्था उभी करणे, हे कार्यकर्त्यांचे काम आहे. मजूर सहकारी संस्थांना सार्वजनिक कामे देण्याची परंपरा महाराष्ट्रात आहेच.

तेव्हा माझी सूचना साधी आहे. आपल्या अखत्यारीतील प्रत्येक निविदेत गाडी, पर्यवेक्षक, सुरक्षा पट्टा आणि विमा यांची रक्कम आधीच ठरवून स्वतंत्र लिहावी, म्हणजे तिच्यावर कोणाला स्पर्धा करता येणार नाही. परवाना ठेकेदाराचा नव्हे, प्रत्यक्ष चढणाऱ्याचा पाहावा. परमिटाचा कागद हातात आल्याशिवाय काम सुरू होऊ देऊ नये. आणि सर्वांत कमी दराचे पाकीट उघडले की अभिनंदन करण्यापूर्वी विचारावे: यातून काय वगळले आहे?

श्रमाच्या प्रतिष्ठेवर आपण ठराव पुष्कळ केले. ती प्रतिष्ठा आपल्या संस्थेच्या खतावणीत कोणत्या खात्यावर किती रुपये पडली आहे, हे एकदा तपासावे, एवढी विनंती करून मी थांबतो.