ग्लास भरून देणारे हात

(युवक-युवतींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मघाशी मी आले तेव्हा इथल्या एका मुलाने प्रेमाने विचारलं, "मॅडम, थंडा घेणार की चहा?" मी म्हटलं, पाणी दे. तो जरा नाराज झाला. "नुसतं पाणी?" असं म्हणून गेला आणि तरीही सोबत थंड्याची बाटली घेऊन आला. ती बघा, अजून टेबलावर आहे. त्याची काही चूक नाही. पाहुण्याला नुसतं पाणी देणं त्याला कमीपणाचं वाटलं. आपल्या सगळ्यांनाच वाटतं. मला आज याच विषयावर बोलायचं आहे.

मी औषधाच्या दुकानात काम करते, फार्मासिस्ट आहे. पण या विषयाकडे मी दुकानातून आले नाही, घरातून आले. माझे मामू यंत्रमागावर काम करायचे. बारा तासांची पाळी, आठवडाभर दिवस आणि आठवडाभर रात्र. दारूला ते कधी शिवले नाहीत. विडी नाही, तंबाखू नाही, गुटखा नाही. अम्मी आम्हाला त्यांचंच उदाहरण द्यायची. पण कारखान्यात चहाची किटली फिरायची, दिवसाला सात-आठ कप व्हायचे, प्रत्येकात दोन चमचे साखर. सुट्टीच्या दिवशी कुणाच्या घरी गेले की थंडा. हे व्यसन आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही.

पन्नाशीच्या आत त्यांना मधुमेह झाला. पायाला काहीतरी लागलं, ते त्यांना कळलंच नाही आणि जखम चिघळली. शेवटी अंगठा काढावा लागला. ऑपरेशननंतर भेटायला नातेवाईक येत होते. मी तेव्हा कॉलेजात होते. अम्मीने पैसे दिले, मी खाली जाऊन आंब्याच्या पेयाची मोठी बाटली आणली. सगळ्यांना ग्लास भरून दिले. मामूंनी हात पुढे केला, त्यांनाही दिला. मी फार्मसी शिकत होते, आणि तो ग्लास मीच दिला. तेव्हा वाटलं, एवढं काय, फळांचाच तर रस आहे.

केवळ साखरेमुळे मधुमेह होतो, असं मी म्हणणार नाही. आनुवंशिकता असते, वजन असतं, अपुरी झोप आणि बसून राहणंही असतं. पण गोड पेयांचा त्यात मोठा वाटा आहे. २०१० साली हार्वर्डच्या संशोधकांनी आधी झालेल्या अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले. रोज एक-दोन गोड पेयं घेणाऱ्यांमध्ये, ती क्वचित घेणाऱ्यांच्या तुलनेत, टाइप-२ मधुमेहाचं प्रमाण २६ टक्के जास्त दिसलं. आणि आपल्या देशाची स्थिती बघा. आयसीएमआरच्या सहकार्याने झालेल्या इंडियाब या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. त्यानुसार भारतात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

आता थोडं गणित करू. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं की वरून घातलेली साखर, मध, पाक आणि फळांच्या रसातली साखर मिळून रोजच्या एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी, आणि ५ टक्क्यांच्या आत ठेवता आली तर आणखी चांगलं. रोज २००० कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी १० टक्के म्हणजे ५० ग्रॅम. चहाचा सपाट चमचा ४ ग्रॅमचा धरला तर साधारण १२ चमचे. ५ टक्के म्हणजे ६ चमचे. कोलामध्ये १०० मिलिलिटरला साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते. म्हणजे २५० मिलिलिटरच्या एका बाटलीत सहा चमच्यांहून जास्त. मामूंच्या आठ कप चहाचे सोळा चमचे होतात. त्यावर थंडा वेगळा.

तुम्ही म्हणाल, मग लोकांना कळत नाही का? कळतं. तरीही पितात. का पितात, याची कारणं नीट पाहू.

पहिलं कारण शरीराचं आहे. पिलेली साखर पोटाला मोजता येत नाही. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाचा २००० सालचा एक छोटा प्रयोग आहे. १५ जणांना चार आठवडे रोज ४५० कॅलरींच्या साखरेच्या गोळ्या खायला दिल्या, आणि दुसऱ्या चार आठवड्यांत तेवढ्याच कॅलरींचं गोड पेय दिलं. गोळ्या खाताना लोकांनी नकळत तेवढं जेवण कमी केलं. पेय पिताना जेवण कमी झालंच नाही, वजन मात्र वाढलं. सहा चमचे साखर कुणी तुमच्या तळहातावर ठेवली तर तुम्हाला खाववणार नाही. पण थंड पाण्यात विरघळवून, थोडा आंबटपणा आणि फेस घालून दिली की दोन मिनिटांत संपते.

दुसरं कारण किंमत आणि बाटली. आपल्या आई-वडिलांच्या लहानपणी थंडा काचेच्या बाटलीत मिळायचा. दुकानातच उभं राहून प्यायचा आणि बाटली परत द्यायची. त्यामुळे तो घरात फारसा येत नव्हता. १९७७ मध्ये कोका-कोला भारतातून गेली, १९९३ मध्ये परतली. पुढे प्लास्टिकच्या बाटल्या आल्या आणि थंडा दुकानातून उठून आपल्या फ्रिजच्या दारात येऊन बसला. २००३ च्या सुमारास २०० मिलिलिटरची बाटली पाच रुपयांना मिळू लागली. २०२३ मध्ये कॅम्पा पुन्हा बाजारात आली तीही २०० मिलिलिटरला दहा रुपये याच भावाने. आज टपरीवर पाण्याच्या लिटरभर बाटलीपेक्षा थंड्याची छोटी बाटली स्वस्त मिळते. शाळेतल्या नळाला पाणी नाही, किंवा आहे पण पिण्यासारखं नाही. अशा वेळी दहा रुपये हातात असलेला मुलगा काय घेईल?

तिसरं कारण थकवा. रात्रपाळीचा कामगार, रिक्षावाला, डिलिव्हरी करणारा मुलगा, परीक्षेसाठी जागणारा विद्यार्थी यांच्या हातात आता वीस रुपयांची एनर्जी ड्रिंकची बाटली असते. त्यात साखर असते आणि वर कॅफीन. लहान मुलं, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया आणि कॅफीन न सोसणारे यांच्यासाठी हे पेय योग्य नाही, असं त्यावर छापणं नियमाने बंधनकारक आहे. पण ते इतक्या बारीक अक्षरांत असतं की नववीतला मुलगा ते वाचत नाही. झोपेची उसनवारी करून शरीर चालत नाही, हे त्याला कुणी तरी सांगायला हवं.

चौथं कारण शब्दांची फसवणूक. "फ्रूट", "हेल्थ", "एनर्जी". याबद्दल मी स्वतःही दोषी आहे. नावात "ओआरएस" असलेली गोड पेयं मी जुलाब झालेल्या मुलांच्या आयांना विकली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या खऱ्या ओआरएसमध्ये लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, आणि मिठाचं प्रमाण ठरलेलं असतं. या पेयांमध्ये साखर त्याच्या कितीतरी पट. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष याविरुद्ध अनेक वर्षं लढल्या. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात "ओआरएस" वापरायला मनाई केली. एकटी डॉक्टर एवढं करू शकते, हे लक्षात ठेवा.

आणि पाचवं कारण, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, ते म्हणजे आपली मेहमाननवाजी. जरा आठवून पाहा, गेल्या महिन्यात तुम्ही जी गोड पेयं प्यायलात त्यातली किती तुम्ही स्वतः मागितली होती? बरीचशी कुणी तरी हातात दिलेली असतात. मंगनीला थंडा, वलिम्याला थंडा, मय्यतीच्या घरी चहा, नोकरी लागली म्हणून थंडा, इफ्तारला लाल सरबत. दारू आपल्या दस्तरखानवर नसते, याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावाच. पण तिच्या जागी आपण साखरेला बसवलं आणि तिला कसलीच मर्यादा घातली नाही. "नको" म्हणणाऱ्याला "अहो, एवढ्याने काय होतंय" म्हणून ग्लास भरतो. मधुमेह असलेल्या माणसाला भर मैफलीत आपला आजार सांगावा लागतो किंवा गुपचूप पिऊन टाकावं लागतं. माझे मामू प्यायचे.

म्हणून माझं म्हणणं असं की गोड पेय कमी करायचं काम पिणाऱ्याच्या निग्रहावर सोडू नका. ते देणाऱ्याने सुरू करायला हवं. आणि घरात, लग्नात, इफ्तारीत ग्लास वाटायला कोण धावतं? तुम्हीच, तरुण मुलंमुली.

मग करायचं काय?

घरापासून सुरुवात करा. दोन लिटरची बाटली घरात आणू नका. ज्याला प्यायचं असेल त्याने बाहेर जाऊन छोटी प्यावी. चहात साखर एकदम बंद करायला सांगू नका, भांडण होईल. दर दोन आठवड्यांनी अर्धा चमचा कमी करा. जिभेला सवय लागते, काही महिन्यांनी जुना चहा पाकासारखा लागतो. बाटलीच्या मागची बाजू वाचा. १०० मिलिलिटरला किती ग्रॅम साखर ते बघा, बाटली किती मिलिलिटरची आहे ते बघा, हिशोब करा आणि चारने भागा. एवढे चमचे. आंब्याच्या पेयाचाही हिशोब करा, अनेकदा तो कोलापेक्षा जास्त निघतो. उसाचा रस ताजा असला तरी त्यात साखरच असते, तो कधीमधी ठीक.

रमजान जवळ आला आहे, त्याबद्दल बोलते. रोजा खजूर आणि पाण्याने सोडण्याची आपली जुनी रीत आहे. ती रीत चांगलीच आहे, आपण तिच्यावर सरबताचे जग चढवले. यंदा असं करून पाहा. आधी खजूर आणि दोन ग्लास पाणी. मग मगरिबची नमाज. त्यानंतरही सरबत हवंसं वाटलं तर छोटा ग्लास. खरी तहान पाण्याने भागलेली असते, त्यामुळे दुसरा ग्लास बहुतेक लागत नाही. सरबत करताना साखर किंवा पाक अंदाजे ओतू नका, चमच्याने मोजून घाला. सब्जा, लिंबू, पुदिना, किंचित मीठ घातलं तर कमी गोडातही चव येते. जिरं घातलेलं ताक तर आपल्या मराठी मातीतलंच आहे.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी रोजे धरण्याआधी डॉक्टरांशी बोलायलाच हवं. रोज्यात हात थरथरले, दरदरून घाम आला, गरगरलं, तर रक्तातली साखर घसरलेली असू शकते. तेव्हा थांबू नका. रोजा सोडून लगेच साखरपाणी किंवा तेच सरबत द्या. त्या क्षणी ते औषध आहे.

लग्नात आणि वलिम्यात पहिल्या टेबलावर माठाचं गार पाणी आणि ताक ठेवा. थंडा मागेल त्याला द्या, पण ट्रे घेऊन प्रत्येकाच्या तोंडासमोर नेऊ नका. खर्चही वाचेल. इसराफ म्हणजे उधळपट्टी, हे आपण जेवणाबद्दल नेहमी ऐकतो, ते ग्लासालाही लागू करू. मोहर्रमला सबील लावता, ती करबलाच्या तहानेची आठवण. तिथे स्वच्छ गार पाणी दिलं तर तिचा मान जराही कमी होणार नाही.

पण सगळा भार घरावर टाकणंही बरोबर नाही. मोहल्ल्यात, शाळेत, मशिदीबाहेर, अभ्यासिकेत पिण्याच्या पाण्याची सोय मागा. नगरसेवकाकडे अर्ज करा, पाठपुरावा करा. सीबीएसईने २०२५ मध्ये आपल्या शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितलं. उर्दू आणि मराठी शाळांना कुणी अडवलेलं नाही, तुम्ही जाऊन लावा.

सरकारकडेही मागणी हवी. मेक्सिकोने २०१४ मध्ये गोड पेयांवर लिटरला एक पेसो कर लावला आणि खरेदी घटली. ब्रिटनने २०१८ मध्ये साखरेच्या प्रमाणानुसार कर लावला, तेव्हा कंपन्यांनीच पेयांतली साखर कमी केली. चिलीने २०१६ पासून पाकिटाच्या पुढच्या बाजूला काळे इशारे छापायला लावले. आपल्याकडे सप्टेंबर २०२५ पासून सोडायुक्त पेयांवर ४० टक्के जीएसटी आहे, मग त्यात साखर किती का असेना. आणि फळांच्या गराच्या पेयांवर तो १२ वरून ५ टक्के झाला, मग त्यात साखर किती का असेना. कर बुडबुड्यांवर आहे, साखरेवर नाही. हे बदलायला हवं, असं आपण नागरिक म्हणून म्हणू शकतो.

मामू आता नाहीत. त्यांच्या घरी आजही गेलं की मामी आधी तांब्याभर पाणी देतात आणि विचारतात, "चहा ठेवू? साखर किती घालू?" एवढंच विचारायचं असतं. समोरच्याला काय हवं ते विचारणं, आणि तो नको म्हणाला तर ऐकणं. तुमच्यापैकी प्रत्येकाने या रमजानला आपल्या घरच्या इफ्तारीत पहिला ग्लास पाण्याचा द्यावा, एवढं माझं मागणं आहे.

आणि हो, ही टेबलावरची बाटली कुणी तरी परत ठेवून या. मला अजून एक ग्लास पाणी चालेल.