विश्वासातला खरेपणा



ख्रिस्ती धर्मातील नीतिमान जीवन या विषयावर बोला, असे मला सांगण्यात आले, तेव्हा मी जरा बिचकलोच. एक तर माझे घर वारकऱ्यांचे. आणि दुसरे असे की, 'नीतिमत्त्व' हा मराठी बायबलात पानोपानी येणारा शब्द मोठा भारदस्त आहे. दिवसभर रानात खपून आलेल्या माणसाच्या कानावर तो पडला, तर तो म्हणेल, "हे काही आपल्यासाठी नव्हं." पण आपल्या बोलीत त्याला साधा शब्द आहे. खरेपणा. आत एक आणि बाहेर एक, असे नसणे. मी आज तोच शब्द वापरणार आहे. आणि त्याची गोष्ट सांगण्यासाठी मला यरुशलेमला किंवा रोमला जायचे कारण नाही. ती आपल्याच जिल्ह्यात, आपल्या पंढरपुरात सापडते.

1895 सालची हकीकत आहे. त्या वर्षी फेब्रुवारीच्या 10 तारखेला मुंबईत नारायण वामन टिळक या गृहस्थांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. टिळक तेव्हाही कवी होते. पुढे 'फुलामुलांचे कवी' म्हणून साऱ्या महाराष्ट्राने त्यांना ओळखले. एकदा आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला होता. त्यातले डोंगरावरचे प्रवचन त्यांनी वाचले आणि त्या शब्दांनी त्यांना धरले ते सोडलेच नाही. दीक्षेमुळे घरदार, आप्त, समाजातला मान, सगळे एका दिवसात मागे पडले.

पण माझी गोष्ट टिळकांची नव्हे, त्यांच्या पत्नीची आहे. लक्ष्मीबाई. माहेरचे आडनाव गोखले, नाशिकजवळच्या जलालपूरच्या. त्यांच्या वडिलांना सोवळ्याचे अतोनात वेड होते. अशा घरातली ही मुलगी, आणि तिचा नवरा ख्रिस्ती झाला! त्या काळी ही बातमी मृत्यूच्या बातमीपेक्षा वेगळी मानीत नसत. मेलेल्याचे निदान तेराव्या दिवशी आवरते. इथे तर माणूस जिवंत आणि त्याच्याकडे जाता येत नाही. नातलगांनी बाईंना पंढरपूरला बहिणीच्या घरी आणले. कडेवर दत्तू, लहान पोर. चंद्रभागेचा काठ, विठोबाचे गाव, रोजची भजने, आणि या बाईच्या डोळ्याला पाणी.

आता इथे दोन्ही बाजूंनी किती सोप्या वाटा होत्या, त्या बघा. टिळकांना कायद्याने वाट होती. धर्मांतरामुळे बायको नांदायला येत नसेल, तर विवाह मोडून मागण्याची सोय देणारा कायदा 1866 पासून अस्तित्वात होता. टिळकांनी दुसरा संसार थाटला नाही. ते नगराहून पत्रे लिहीत राहिले. बाईंनाही वाट होती. नवऱ्यामागे बायकोने जावे, हीच रीत. डोळे मिटून दीक्षा घेतली असती, तर संसार लागलीच जुळला असता, आणि मिशनमधल्या मंडळींना आनंदच झाला असता. बाईंनी तेही केले नाही. मनाला जे पटलेले नाही, ते तोंडाने म्हणायचे नाही, एवढे त्या धरून राहिल्या. चार-पाच वर्षे अशी गेली.

पुढे त्या नवऱ्याकडे गेल्या, पण ख्रिस्ती होऊन गेल्या नाहीत. ख्रिस्ती नवऱ्याच्या घरात ही बाई सोवळेओवळे पाळून राहू लागली! शेजारपाजारचे हसले असतील, मिशनवालेही बुचकळ्यात पडले असतील. टिळक मोठे तापट गृहस्थ होते, घटकेत रागावत, घटकेत विरघळत; पण याबाबतीत त्यांनी बायकोवर जबरदस्ती केली नाही. एका घरात दोन विश्वास, आणि दोन्ही खरे. मला वाटते, ख्रिस्ती सचोटीचा धडा द्यायचा, तर बाप्तिस्म्याच्या प्रसंगापेक्षा हा वेगळ्या चुलीचा संसारच आधी सांगावा.

मग एके दिवशी बाई एकट्या विचार करीत बसल्या. जातिभेद कुणी केला? देवाने की माणसाने? देवाने केला असता, तर पशुपक्ष्यांत जसा फरक डोळ्यांना दिसतो, तसा माणसामाणसांत दिसला असता. तो काही दिसत नाही. मग हे माणसाचेच काम. झाले! त्या घडीपासून कुणाच्याही हातचे पाणी आणि कुणाच्याही हातचे अन्न त्यांना चालू लागले. सोवळ्यापायी जिवाचे रान करणाऱ्या बापाची लेक ती. तिने हे कुणाच्या प्रवचनाने केले नाही, स्वतःशी हिशेब करून केले. आणि त्यानंतर, 1900 साली, राहुरीला त्यांनी दीक्षा घेतली.

हे सालही ध्यानात घ्या. 1899-1900 चा दुष्काळ म्हणजे आपल्या दख्खनला रडवणारा दुष्काळ. पोटासाठी माणसे देशोधडीला लागली होती, अनाथ पोरे मिशनच्या दारात येत होती. अशा वेळी जे ख्रिस्ती झाले, त्यांच्याबद्दल 'भाकरीसाठी बाटले' असे लोक बोलत, आजही कुठे कुठे बोलतात. उपाशी माणसाचा न्याय भरल्या पोटाने करू नये, असे माझे मत आहे. पण लक्ष्मीबाईंबद्दल तेवढेही बोलायला जागा नव्हती. ज्या बाईने नवरा परत मिळावा म्हणूनसुद्धा खोटे 'होय' म्हटले नाही, ती भाकरीसाठी कशाला म्हणेल?

तुम्ही म्हणाल, हे झाले मोठ्या माणसांचे. आम्ही आपली ज्वारी-कडब्याची माणसे, आमच्या रोजच्या जगण्यात या ख्रिस्ती खरेपणाचे रूप ते काय? बायबलातच त्याचे उत्तर आहे, आणि ते मला फार आवडते. पंधरावे स्तोत्र काढा. तिथे प्रश्न असा आहे की, देवाच्या मंडपात राहायचा अधिकार कुणाला? आपल्याला वाटेल, उत्तरात उपास येतील, यज्ञ येतील, तासन्‌तास प्रार्थना येतील. त्यातले एकही येत नाही. जो शेजाऱ्याची चहाडी करत नाही. दिला शब्द स्वतःचे नुकसान झाले तरी फिरवत नाही. पैसे व्याजाला लावत नाही. लाच खाऊन निरपराध माणसाविरुद्ध जात नाही. सगळी यादी जिभेची, शब्दाची आणि पैशाची.

व्याजाचा उल्लेख आला म्हणून आठवले. 1875 साली पुणे आणि नगर भागात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, आणि मग सरकारने 1879 साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. तो ज्या चार जिल्ह्यांना प्रथम लागू झाला, त्यांत आपला सोलापूर होता. खोट्या कागदावरचा अंगठा म्हणजे काय, हे आपल्या पणज्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. तेव्हा हे स्तोत्र परदेशातून आले असले, तरी त्यातले दुखणे आपल्या ओळखीचे आहे.

आणि नव्या करारातला तो जक्कय! यरीहो गावचा मुख्य जकातदार, अंगाने बुटका. गर्दीत येशू दिसेना म्हणून उंबरावर चढून बसला. जकातनाके आता उठले, पण नाक्यावरचा जुना कारकून ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा माणूस लगेच डोळ्यांसमोर येईल. येशू त्याच्या घरी उतरला, तेव्हा जक्कयने काय केले? गळ्यात पडून रडला असेही लिहिलेले नाही, व्रत घेतल्याचेही नाही. त्याने हिशेब मांडला. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडले असेल त्याला चौपट परत. पश्चात्ताप रुपये-आण्यांत मोजून दाखवणारा असा माणूस धर्मग्रंथात विरळा. आपण देवाची क्षमा मागतो, पण ज्याचे दहा रुपये जास्त घेतले, त्याच्या दारी मात्र जात नाही.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, आता थोडे आपल्यातले बोलतो. 1983 साली मी एका खेड्यातल्या शाळेत होतो. गावाचे नाव सांगत नाही. माझ्याबरोबर एक ख्रिस्ती बाई होत्या, सोलापूरच्या. फार बोलत नसत. धर्माबद्दल तर कधीच नाही; रविवारी मात्र पहिल्या एस.टी.ने सोलापूरला जायच्या. माघाचा महिना, ज्वारी काढणीला आलेली, वर्गातली निम्मी पोरे रानात. आणि तपासणीचे साहेब यायची तारीख लागली. वरून निरोप आला की हजेरी चांगली दिसली पाहिजे. मी काय केले? पटावरची सगळी नावे हजर मांडली. निळ्या शाईने, सुबक अक्षरात. त्या दिवशी ज्या पोरीचा बाप वारला होता, तिलासुद्धा मी वर्गात बसवले.

बाईंच्या पटात लाल शाईचे अकरा 'गै' होते. साहेबांनी विचारले, "बाई, ही मुलं कुठं आहेत?"

"ज्वारी काढायला गेलीत, साहेब."

"तुम्ही घरी जाऊन आणली का नाहीत?"

"चौघांच्या घरी गेले होते. आई-बाप म्हणाले, एवढी सुगी होऊ द्या."

बाईंच्या सेवापुस्तकावर शेरा गेला. माझ्या वर्गाला 'समाधानकारक' मिळाले. पुढे काही चमत्कार झाला, साहेबांना बाईंची थोरवी पटली, असे मी तुम्हाला सांगणार नाही. तसे काही झाले नाही. त्यांची पगारवाढ त्या वर्षी लांबली. संध्याकाळी मी त्यांना म्हणालो, "बाई, अकरा टिंबांचा तर प्रश्न होता." त्या म्हणाल्या, "गुरुजी, उद्या त्याच पोरांना मी खोटं बोलू नका म्हणून सांगणार आहे. तेव्हा काय करू?" एवढेच. येशूचे नाव नाही, वचन नाही. डोंगरावरच्या प्रवचनात शपथा न घेण्याबद्दल जे सांगितले आहे, की तुमच्या होकाराला होकार आणि नकाराला नकार एवढे पुरे असावे, ते मी पुढे बऱ्याच वर्षांनी वाचले. वाचताना मला तो लाल शाईचा पट दिसत होता.

हां, एक गोष्ट खरी की, असा खरेपणा घरातल्यांना जड जातो. लक्ष्मीबाईंचेच बघा ना. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे; दारी आलेल्याला देऊन मोकळे होत. 1917 साली तर त्यांनी मिशनचा पगारच सोडला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात दीक्षा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. पगार घेऊन धर्म सांगतो, हे बोलणे आपल्याला लागू नये, असे त्यांच्या मनात असावे, असे मला वाटते. ते थोरच. पण चूल चालवायची कुणी? बाईंनी. 1919 च्या मे महिन्यात टिळक वारले. त्यांचे 'ख्रिस्तायन' हे मोठे काव्य अपुरे राहिले होते, ते बाईंनी पुरे केले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, नवऱ्याकडून अक्षरे शिकलेल्या बाईने!

आणि मग त्यांनी 'स्मृतिचित्रे' लिहिली. 1934 पासून ती भागाभागाने पुस्तकरूपाने निघाली. 1936 साली बाई गेल्या. पुस्तक वाचताना सगळ्यात नवल वाटते ते हे की, त्यांनी कुणालाच देव्हाऱ्यात बसवलेले नाही. बापाचे सोवळे, नवऱ्याचा ताप, स्वतःचा अडाणीपणा आणि भांडणे, सगळे जसेच्या तसे, आणि हसत. ख्रिस्ती झाल्यावर आपण एकदम शहाण्या झालो, असा आव कुठे नाही. धर्मांतर केलेल्या माणसाला आपली बाजू उजळ करून सांगण्याचा मोह किती असेल! बाईंनी तो पाळला नाही, म्हणूनच ते पुस्तक माझ्यासारख्या वारकऱ्याच्या घरातही वाचले जाते.

पंडिता रमाबाईंचेही असेच काहीसे. त्यांनी केडगावला बसून अख्ख्या बायबलाचे भाषांतर मुळातून केले, आणि ते विद्वानांसाठी नव्हे. शिकलेली नसलेली बाई ऐकेल तर तिला कळले पाहिजे, म्हणून साध्या मराठीत. 1922 साली त्या गेल्या, तोवर हे काम त्यांना पुरले. त्यांच्याबद्दल पुन्हा कधीतरी स्वतंत्रपणे बोलेन, आज वेळ नाही.

तुमच्या शाळेच्या कपाटात 'स्मृतिचित्रे' बहुधा असेल. धूळ झटकावी लागेल, एवढेच. पहिल्यापासून वाचायला सवड नसेल, तर पंढरपूरच्या दिवसांपासून सुरुवात करा, आणि वर्गात मोठ्याने वाचा. पोरे आधी हसतील. बाईंनी हसवायलाच लिहिले आहे. मग एखादी पोरगी विचारील, "गुरुजी, त्या मग नवऱ्याकडं का नाही गेल्या लगेच?" तिला घाईने उत्तर देऊ नका. पुढचे पान वाचा.