काचबिंदूचे ऑपरेशन आणि डोळ्याची काच



मोतीबिंदू काढला की बहुतेकांना पुन्हा दिसू लागते. काचबिंदूचे तसे नाही. त्यात गेलेली नजर परत येत नाही. उरलेली तेवढी राखता येते.

डोळ्याच्या आत पाणी झरत असते. हे अश्रूंचे पाणी नव्हे. ते आतल्या बारीक वाटेने रक्तात जाते. ही वाट तुंबली की बहुधा डोळ्यातला दाब वाढतो आणि मागची नस हळूहळू मरते. थेंबांच्या औषधाने दाब उतरला तर उत्तमच. नाही उतरला, तर डॉक्टर ऑपरेशन करून पाण्याला नवी वाट काढून देतात. कधी बारीक नळीही बसवतात.

मग लोक विचारतात, "या ऑपरेशनाने डोळ्याची काच खराब होते का हो?"

डोळ्याच्या पुढे घड्याळाच्या काचेसारखा एक स्वच्छ पडदा आहे. त्याला पारपटल म्हणतात. तो मधोमध अर्धा मिलिमीटर जाड असतो. त्याच्या आतल्या अंगाला पेशींचा एकच थर असतो. या पेशी पडद्यात मुरलेले पाणी रात्रंदिवस बाहेर उपसतात. पाणी साचले तर वावर चिबडते ना? तसाच हा पडदा फुगतो आणि धुरकट होतो.

मोठ्या माणसाच्या डोळ्यात एक चौरस मिलिमीटर जागेत अशा सुमारे २५०० पेशी असतात. मेलेल्या पेशीच्या जागी नवी येत नाही. वय वाढते तशा त्या कमी होतात. ऑपरेशनातही काही जातात. नळीचे टोक पडद्याला घासले तर जास्त जातात. पण बहुतेकांच्या उरलेल्या पेशी काम रेटून नेतात.

म्हणून ऑपरेशन टाळावे काय? मुळीच नाही. वाढलेला दाबही याच पेशींना मारतो, आणि नसही जाते. पडदा बिघडला तर नेत्रदानातून मिळालेला पडदा बसवता येतो. मेलेली नस बदलता येत नाही.

ऑपरेशनानंतर एवढे सांभाळा. डोळा चोळू नका. थेंब मनाने बंद करू नका. दुखत नसले तरी तपासणीची तारीख चुकवू नका. सकाळी उठल्यावर धूसर दिसते आणि दुपारी निवळते, दिव्याभोवती रंगीत कडे दिसते, तर पडदा फुगतो आहे असे समजा आणि लवकर दाखवा. डोळा लाल झाला, दुखला किंवा पू आला, तर त्याच दिवशी निघा. नागपुरात मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी दवाखान्यांत डोळ्यांचा विभाग आहे. ऑपरेशनाचा जुना कागद सोबत न्या.

घरात कोणाला काचबिंदू असेल, तर भाऊ, बहिणी आणि मुले यांचेही डोळे तपासून घ्या. हा रोग बहुधा मुकाट्याने येतो. आपण त्याच्या आधी जागे होऊ या.