पक्षाघातानंतरची शाळा

पक्षाघाताचा झटका आलेला मनुष्य रुग्णालयातून घरी परत येतो, तेव्हा सारे घर सुटकेचा निःश्वास टाकते. जीव वाचला, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु त्यापुढचे चित्रही आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेले असेल. तो मनुष्य खाटेवर बसलेला असतो. समाचाराला आलेली मंडळी त्याच्याकडे पाहतात, पण प्रश्न मात्र त्याच्या पत्नीला विचारतात, "आता कसे आहे यांना?" ज्याच्याविषयी हे बोलणे चालले आहे, त्याला त्यातले पुष्कळसे कळत असते, उत्तर देण्यासाठी शब्द तेवढे सापडत नाहीत. काही आठवड्यांनी समाचाराला येणारेही थांबतात. आजचे माझे बोलणे या थांबलेल्या मंडळींसाठी आहे.

मेंदूला रक्त पुरवणारी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली किंवा फुटली, म्हणजे मेंदूचा तेवढा भाग निकामी होतो. बहुतेक माणसांत भाषेचे काम मेंदूच्या डाव्या बाजूला चालते आणि तीच बाजू शरीराच्या उजव्या अंगाला हालवते. म्हणून उजवा हात आणि वाचा ही दोन्ही पुष्कळदा एकदमच जातात. रस्त्यावरील अपघातात डोक्याला मार बसलेल्यांनाही अशाच अडचणी येतात. मेलेल्या पेशी परत येत नाहीत हे खरे. पण शेजारचे भाग सरावाने त्यांचे काही काम उचलू शकतात. हा सराव काही मोजक्या दिवसांतच करायचा असतो, असेही नाही. झटका येऊन तीन ते नऊ महिने लोटलेल्या २२२ रुग्णांवर अमेरिकेत एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. अधू हाताच्या बोटांत थोडीतरी हालचाल उरलेले हे रुग्ण होते. त्यांचा धडधाकट हात दोन आठवडे जागेपणी बहुतेक वेळ हातमोज्यात अडकवून ठेवला आणि अधू हाताकडून कसून काम करून घेतले. तो हात सुधारला, आणि वर्षानंतरही ती सुधारणा टिकून होती.

मग सराव करून घ्यायचा कोणी? इंग्लंडमधील एका खेड्याची हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. पॅट्रिशिया नील ही ऑस्कर पारितोषिक मिळवलेली अमेरिकन अभिनेत्री. फेब्रुवारी १९६५ मध्ये, ती गरोदर असताना, तिच्या मेंदूत रक्तस्राव झाला. सुमारे तीन आठवडे ती बेशुद्ध होती. शुद्धीवर आली ती उजवे अंग लुळे पडलेले आणि शब्द हरवलेले, अशा स्थितीत. तिचे पती, लेखक रोआल्ड डाल, तिला ग्रेट मिसेंडन या आपल्या गावी घेऊन आले आणि त्यांनी शेजारणी-पाजारणींना वाटून तास लावून दिले. कोणी वाचनाला यावे, कोणी हिशोबाला, कोणी शब्दांच्या खेळाला. त्यांच्यापैकी कोणी वैद्यकीय शिक्षण घेतलेले नव्हते. व्हॅलरी ईटन ग्रिफिथ या शेजारणीने पुढे हे काम मनावर घेतले. नीलबाई १९६८ मध्ये पुन्हा पडद्यावर आल्या. ग्रिफिथबाईंनी या अनुभवावर १९७० मध्ये पुस्तक लिहिले आणि १९७३ मध्ये स्वयंसेवकांची रीतसर योजनाच सुरू केली.

एका प्रख्यात नटीचे झाले ते इतरांचे कसे व्हावे, असे कोणी म्हणेल. शंका रास्त आहे. इंग्लंडमध्येच १९८२ साली वाचाघाताच्या रुग्णांची एक तुलना प्रसिद्ध झाली. काहींना वाचोपचारतज्ज्ञांकडे दिले होते, काहींना साध्या स्वयंसेवकांकडे. सुधारणा दोन्हीकडे झाली, आणि दोहोंत ठळक फरक आढळला नाही. यावरून तज्ज्ञ नकोत असे मात्र कोणी समजू नये. काय बिघडले आहे आणि कशाचा सराव द्यावा, हे तज्ज्ञानेच ठरवावे. पण ठरलेला सराव दिवसेंदिवस करून घेण्याचे काम प्रेमळ, चिकाटीचा मनुष्यही करू शकतो.

येथे आपल्याकडील एक निष्कर्षही प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. भारतातील १४ रुग्णालयांतील १,२५० रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली. तिचा अहवाल २०१७ मध्ये आला. घरातील एका व्यक्तीला शिकवून तिच्याकडून घरीच व्यायाम करून घेतले, तर रुग्ण अधिक स्वावलंबी होतो का, हे तीत पाहिले. सहा महिन्यांनी मृत्यू पावलेल्या वा परावलंबी राहिलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत शेकडा ४७ होते; म्हणजे काही फरक पडला नाही. त्याची कारणे तज्ज्ञ शोधतील. मला मात्र त्यातून एक दिसते. स्वयंपाक, शुश्रूषा, औषधे आणि पैशाची विवंचना सांभाळणाऱ्या एकट्या सुनेच्या किंवा पत्नीच्या शिरावर हेही ओझे टाकून समाजाला मोकळे होता येणार नाही. शिवाय घरच्या प्रेमाला घाई असते. सदऱ्याचे बटण लागेना की ते पटकन लावून देते. शब्द अडला की तो पुरवून देते. शेजारी थांबू शकतो. त्या थांबण्यातच शिक्षण आहे.

म्हणून माझी सूचना अशी, की आपल्या गावातील वाचनालयाने किंवा मंडळाने आठवड्यातून दोन दिवस, तासभर, अशा रुग्णांचा वर्ग भरवावा. डॉक्टरांची अनुमती घेतलेले पाच-सहा रुग्ण आणि तितकेच स्वयंसेवक पुरेत. आरंभी प्रत्येकाने आपले नाव आणि आजचा वार सांगावा. मग वर्तमानपत्राचे मथळे वाचावेत, सुटे पैसे मोजावेत, पत्त्यांचा डाव मांडावा, डाळ निवडावी. बोलताना वाक्य लहान असावे आणि एका वेळी एकानेच बोलावे. रुग्ण बहिरा नाही, तेव्हा ओरडू नये. शब्द सुचेना तर त्याला खुणेने किंवा चित्राने सांगू द्यावे. उठवताना लुळा हात धरून कधीही ओढू नये, त्याने खांदा दुखावतो. पाणी पिताना ठसका लागत असेल, तर तज्ज्ञांना विचारल्यावाचून काही खाऊपिऊ घालू नये.

आणि एक गोष्ट महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणा मराठी मंडळींच्या खास लक्षात राहावी. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव येथील आपला मनुष्य घरात मराठी बोलतो, तर पेठेत आणि कचेरीत हिंदी, गुजराती, तेलुगू किंवा कन्नड. पक्षाघाताने वाचा गेल्यावर यांतली कोणती भाषा आधी परत येईल? लहानपणीची, असे फ्रेंच विद्वान रिबो यांनी १८८१ मध्ये सुचवले. रोजच्या वापरातली, असे पीत्र यांनी १८९५ मध्ये म्हटले. प्रत्यक्षात दोन्ही प्रकार दिसतात आणि पुष्कळदा साऱ्या भाषा बरोबरच सुधारतात. परंतु रुग्णालयातील उपचार तेथल्या भाषेत होणार. मराठीचा दरवाजा ठोठावून पाहायचा तर ते आपणच केले पाहिजे. पत्नीचे नाव ज्याला घेता येत नाही, असा मनुष्य कधी कधी दोनाचा पाढा शेवटपर्यंत म्हणतो, किंवा आरती सुरू होताच तिचे शब्द त्याच्या ओठांवर येतात. लहानपणापासून घोकलेले शब्द एकमेकांचा हात धरून येतात. हे संभाषण नव्हे, हे खरे. पण आपला आवाज अजून आपला आहे, एवढा धीर त्याने येतो. तो पाढा कोणत्या भाषेत म्हणायचा, हे परक्या गावच्या वैद्याला कसे ठाऊक असणार?

या वर्गातून सारेच बरे होऊन बाहेर पडतील, असे आश्वासन मी देणार नाही. कोणाचा हात तसाच राहील, कोणाला चार शब्दांवरच भागवावे लागेल. परंतु झटक्यानंतर तिघांपैकी सुमारे एकाला खिन्नता ग्रासते. बुधवारी आपली कोणीतरी वाट पाहत आहे, हे माहीत असणे ही त्या खिन्नतेवरची लहानशी मात्रा नव्हे.

तेव्हा श्रोतेहो, ओळखीच्या अशा एखाद्या घरी उद्या जाऊन पाहा. पत्नीला प्रश्न विचारू नका. खाटेजवळ बसा, त्यालाच विचारा, "काय, कसे काय?" आणि मग उत्तर येईपर्यंत थांबा.