भारहीन अवस्थेंत देहाचें रक्षण

रहाटाचा दोर तुटला म्हणजे पोहरा आणि त्यांतील पाणी एकाच वेगानें खालीं जातात. तेवढ्यापुरता पाण्याचा भार पोहऱ्याच्या तळावर पडत नाहीं. पृथ्वीपासून सुमारें ४०० किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या अवकाशस्थानकांतील मनुष्याची स्थिति अशीच असते. पृथ्वीचें आकर्षण तेथेंही जवळजवळ नऊदशांश शिल्लक असतें. परंतु स्थानक आणि मनुष्य हीं दोन्ही पृथ्वीभोंवतीं एकसारखीं पडतच असतात, म्हणून वजन जाणवत नाहीं.

वजन गेलें कीं हाडें आणि स्नायू झिजतात, हें सहज पटतें. पण रक्तांतील पांढऱ्या पेशींना आणि आंतड्यांतील जंतूंना वजनाशीं काय कर्तव्य, अशी शंका कोणासही येईल.

अनुभव मात्र निराळा आहे. १९६८ च्या ऑक्टोबरांत अपोलो ७ चे प्रमुख वॉल्टर शिरा यांस पडशानें गांठलें. पृथ्वीवर नाकांतील स्राव आपल्या भारानें उतरतो. तेथें तो जागच्या जागीं सांचला आणि साधें पडसें असह्य झालें. अपोलोच्या २९ प्रवाशांपैकीं १५ जणांना प्रवासांत किंवा परतल्यावर आठवड्याच्या आंत कसला ना कसला संसर्ग झाला. पुढें १९८३ मध्यें स्पेसलॅबमधून ऑगुस्टो कोगोली यांनीं मानवी पांढऱ्या पेशी अवकाशांत पाठविल्या. शत्रूची चाहूल लागतांच ज्यांनीं भराभर वाढावें, त्या पेशी उत्तेजक द्रव्य मिळूनही जवळजवळ स्वस्थच राहिल्या.

पहारा ढिला पडला कीं घरांतलेच चोर जागे होतात. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचे विषाणू मज्जातंतूंच्या गांठींत निद्रिस्त राहतात. स्थानकावरील २३ प्रवाशांच्या तपासणींत १४ जणांच्या लाळेंत वा मूत्रांत या कुळांतील विषाणू पुन्हां प्रकट झालेले आढळले. सुदैवानें बहुतेकांना त्यापासून आजार झाला नाहीं. उलट, २००६ मध्यें अवकाशांत वाढविलेले साल्मोनेला जंतू परत आणून उंदरांना दिले, तेव्हां ते भूमीवरील जंतूंहून अधिक घातक ठरले.

आंतड्यांची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. अन्न पुढें ढकलण्याचें काम स्नायूंचें. त्यास वजन लागत नाहीं. परंतु पोटांत वायु वर आणि द्रव खालीं अशी वांटणी होत नाहीं, त्यामुळें ढेकराबरोबर द्रवही वर येतो. स्कॉट केली हे २०१५-१६ मध्यें ३४० दिवस अवकाशांत राहिले. त्यांचे जुळे बंधु मार्क भूमीवर होते. स्कॉट यांच्या आंतड्यांतील दोन प्रमुख जंतुवर्गांचें परस्पर प्रमाण बदललें आणि परतल्यावर पूर्ववत् झालें. अवकाशांत टोंचलेल्या इन्फ्लुएंझाच्या लशीलाही त्यांच्या शरीरानें योग्य प्रतिसाद दिला. एका मनुष्यावरून नियम बांधतां येत नाहीं. तरी शक्ति नष्ट होत नसून तिची शिस्त बिघडते, असें यावरून दिसतें. हा दोष एकट्या भारहीनतेचाही नव्हे. अपुरी झोंप, मनावरील ताण, किरणोत्सर्ग आणि साठविलेलें अन्न यांचा त्यांत वांटा आहे.

१९७१ च्या अपोलो १४ पासून प्रवाशांना निघण्यापूर्वीं तीन आठवडे इतरांपासून दूर ठेवूं लागले. बाहेरचा रोग त्यामुळें थोपवितां येतो. पण पेशींत निजलेला विषाणु आणि आंतड्यांत नांदणारे जंतू दाराशीं अडवितां येत नाहींत. आज स्थानकावरील रोग्यास त्वरित पृथ्वीवर आणतां येतें. मंगळाच्या वाटेवर महिनेच्या महिने ती सोय नसेल. म्हणून त्या प्रवासाची तयारी करणारांस यानाच्या यंत्रांइकीच या अदृश्य सोबत्यांचीही काळजी वाहावी लागेल.