जिलबी, मटार आणि घरचं ताट



जबलपूरची खव्याची जिलबी!
काळपट, रसरशीत, हाताला जड.
एकीवर कुणाचं भागतं का?

जिलबी सणावाराला हवीच.
रोजची साखर मात्र गुपचूप येते, बिस्किटांतून, शीतपेयांतून.
म्हणून तर २०२५मध्ये सीबीएसईने शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितले.
कशात किती साखर, हे मुलांनी वाचावं म्हणून.

पण मुलं फलकापेक्षा मोठ्यांचं ताट जास्त पाहतात.
बाबांच्या हाती शीतपेय, मग मुलगा ताक कशाला पिईल?

हिवाळ्यात जबलपूरचा मटार येतो.
सगळं घर शेंगा सोलायला बसतं.
निम्मे दाणे मुलांच्या तोंडात जातात.
जाऊ द्यावेत!

पुन्हा सांगायचं, तर मुलं मोठ्यांचं ताट पाहतात.
लहानांना जे, मोठ्यांनाही तेच.

आणि जेवताना टीव्ही बंद.
रेडिओ चालेल!