पोरगं उनाड नाही, दुखावलेलं आहे
(वर्धापनदिनी विहारात दिलेल्या भाषणाचा सारांश)



चुल्लपंथक स्थविरांची कथा आपण ऐकली आहे. चार महिन्यांत त्यांना एक गाथा पाठ होईना. सख्ख्या थोरल्या भावानेच त्यांना विहार सोडून जायला सांगितलं. ते रडत दाराशी उभे राहिले. तथागतांनी त्यांना मंदबुद्धी म्हणून हिणवलं नाही. जवळ घेतलं, स्वच्छ कापडाचा तुकडा हाती दिला आणि जमेल असं एकच काम सांगितलं. पुढे ते अर्हत झाले.

आपल्या वस्तीतही काही मुलांचं पुस्तक उघडलं की लक्ष उडतं. वह्या हरवतात, एका जागी बसवत नाही. डॉक्टर याला एडीएचडी म्हणतात. हा मेंदूच्या वाढीतला फरक आहे, आळस नव्हे. मुली बहुधा दंगा करत नाहीत, नुसत्या हरवल्यासारख्या बसतात. म्हणून त्यांच्याकडे लक्षच जात नाही.

अशा पोराला शाळेत बोलणी आणि घरी मार. त्यात रात्री बाप दारू पिऊन आईवर हात उचलत असेल, गल्लीत हाणामारी होत असेल, तर त्याचे कान सतत धोक्याकडे लागलेले राहतात. मग धड्यात लक्ष कुठून लागणार? नुसत्या भीतीनेही लक्ष उडतं. म्हणून मूळ कारण काय, हे तज्ज्ञालाच ठरवू द्यावं. मात्र दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की नैराश्याचा धोका वाढतो, हे नक्की.

मोठी माणसं उदास झाली की गप्प बसतात. पोरांचं नैराश्य पुष्कळदा चिडचिडीतून बाहेर पडतं. आपण म्हणतो, "पोरगं उर्मट झालं!" पण झोप बिघडली, जेवण तुटलं, खेळ-मित्र सुटले, "मी कामाचाच नाही" असं ते बोलू लागलं आणि हे दोन आठवडे टिकलं, तर डॉक्टरांकडे न्या. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार येतो का, हे मायेनं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळं होतं.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांत मानसिक आजार आढळले. तेव्हा लाज कसली? टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक २०२२ पासून मोफत सुरू आहे. मुलाला मारहाण होत असेल तर १०९८ वर कळवा. शाळेत मारण्याला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सुरू करा, आणि मनाने बंदही करू नका.

बाबासाहेबांनी शिकायला सांगितलं, पण त्यांचं नाव घेऊन पोराला झोडपायला नाही सांगितलं! अभ्यासाचे छोटे तुकडे पाडा, एका वेळी एकच काम सांगा, जमलं की शाबासकी द्या. आणि सर्वांत आधी घरातली मारझोड थांबवा. आपण रोज पंचशील घेतो. त्यातलं पहिलं शील आपल्या घराच्या उंबऱ्याच्या आतही लागू आहे.

कुणाचं लेकरू दाराशी उभं असेल, तर हात धरून त्याला आत घेऊ या. एवढं बोलून मी आपली रजा घेतो.

जयभीम! नमो बुद्धाय!